एकोणतीस मिनिटं, एकोणसाठ सेकंद

पारखशेठनं आधी पोळ्याची तारीख दिली होती.
मग म्हणाला, घट बसू द्या.
आता तुळशीची लग्नं लागली
आणि कॅनडा कॉर्नरच्या त्याच्या दुकानात
काचेमागे अजून नुसतं पोस्टर उभं आहे,
माझे एकवीस हजार पोटात घालून.

तोवर मला सगळं पाठ झालंय.
किती तास न तापता चालतो,
समईच्या उजेडात किती दिसतं त्याला,
डोळा एकदा धरला की सोडत नाही म्हणे,
मुंडावळ्या आड आल्या तरी,
मधूनच करवली ताट घेऊन गेली तरी.
शुद्धोधन म्हणतो, ताई,
तुम्ही स्थळ आल्यासारखं बोलताय.
पत्रिका जुळली, उंची कळली,
फक्त मुलगा कुणी पाहिलेला नाही.

माझा जुना
एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांनी थांबतो.
विचारत नाही. लाल ठिपका विझतो, एवढंच.
गिरणाऱ्याला थेट्यांकडे, पाठवणीच्या वेळी, असाच विझला.
थेटेमास्तर दिवसभर
आचारी सोडून कुणाशी बोलले नव्हते.
ते गाडीच्या खिडकीत वाकले
आणि मुलीला काहीतरी म्हणाले.
ती हसली.
रडता रडता नव्हे, चक्क हसली, मोठ्यांदा,
शेजारी बसलेला नवरा दचकला.
मी बटण दाबेपर्यंत
रस्त्यावर धूळ होती आणि धुळीत गाडीचे दोन लाल दिवे.

महिन्याभरानं मास्तरांचा फोन.
"ते खिडकीतलं काही आलेलं दिसत नाही हो."
मी म्हटलं, नाही.
"बरं."
काय म्हणाला होतात, हे मला तेव्हा विचारायला सुचलं नाही.
आता कुठल्या तोंडानं विचारू?

कर्जाच्या अर्जावर कारण लिहायचं होतं.
मी लिहिलं, व्यवसायवृद्धी.

पहिलं काय टिपायचं, ते रोज ठरतं, रोज मोडतं.
सोमेश्वरचा धबधबा नाही, तो सगळेच टिपतात.
लग्न तर नाहीच.
तांबट लेनमध्ये एक म्हातारा हंड्याला ठोके देतो.
हातोडा पडतो, उठतो.
एका सेकंदाचे एकशेवीस तुकडे करता येतात यात;
मग त्या पडण्याच्या आणि उठण्याच्या मधे
तांब्याला नेमकं काय होतं
ते त्यालाच आधी दाखवीन.
तो म्हणेल, मला माहितीये.
म्हणू दे.

याच्यात आरसा नसतो.
शुद्धोधनला हे पटत नाही. मग दिसतं कशात, म्हणतो.
जुन्यात आहे. फोटो काढताना खाटकन वर उडतो,
आणि त्या क्षणी मी आंधळी असते:
अकरा वर्षं, प्रत्येक फोटोच्या वेळी,
जे टिपलं नेमकं तेच मी पाहिलेलं नाही.

काल रात्री तो पुसायला घेतला. बदल्यात द्यायचाय.
आरशाच्या वरच्या काचेवर एक कण बसलाय,
चांदवडच्या कुठल्याशा मंडपातला असावा.
तो फोटोत कधीच उमटला नाही.
डोळा लावला की मलाच दिसायचा,
नवऱ्याच्या कपाळावर, अक्षतांच्या ताटात,
एका आजोबांच्या तर पापणीवर बसला होता.
अकरा वर्षांत एवढी एकच गोष्ट
गिऱ्हाइकाला द्यावी लागली नाही.
फुंकर मारायला तोंड पुढे केलं
आणि तसंच झाकण लावून टाकलं.

रात्री पावणेबाराला पारखशेठचा मेसेज:
भिवंडीहून निघाला.

म्हणजे आत्ता कसारा घाटात असेल,
टायरच्या, पाइपांच्या, कुणाच्या तरी मिक्सरच्या खोक्यांमध्ये,
थर्माकोलमध्ये, झाकण लावलेला,
बॅटरी वेगळ्या पिशवीत.
वळणावर ट्रक कण्हत असेल.
क्लीनर झोपलेला.
आणि ज्याला अंधारातलं सगळं दिसतं म्हणतात,
त्यानं अजून काहीच पाहिलेलं नाही.

मी तीन वाजता उठून घड्याळ बघितलं.
मग पुन्हा साडेतीनला.