दिवसाला एक लिटर

दुपारचा राऊंड संपला
आणि सात नंबरने पुन्हा पेला वाजवला
खाटेच्या लोखंडावर. तीनदा. थांबून, तीनदा.
लक्ष्मीनरसू चिलका, वय अठ्ठावन्न,
चाळीस वर्षं मागावर. खडखडाटात निम्मं ऐकू येणं गेलं,
म्हणून तो मोठ्यानं बोलायचा.
आता मोठ्यानं बोलायला श्वास पुरत नाही,
म्हणून पेला.

सिस्टर, नीळ्ळू.
एवढं तेलुगू मला येतं.

बाहेर चव्वेचाळीस. खिडकीला ओली चादर टांगलीय.
काल तिचा काठ चिमटीत धरून म्हणाला,
ही आमच्या शेडची नाही, वीण सैल आहे.
तेवढं एक वाक्य, तीन श्वासांत.

मी तक्ता बघते. सकाळपासून सहाशे चाळीस.
चहा धरला. गोळीबरोबरचा घोट धरला.
ओठांवर फिरवलेला बर्फाचा खडा, तोही धरला.
उरले तीनशे साठ,
आणि संध्याकाळ, आणि अख्खी रात्र.

पाणी देत नाही.
त्याच्या घोट्यावर अंगठा दाबते, पाच मोजते, उचलते.
खड्डा तसाच,
मळलेल्या कणकेत पोरानं बोट खुपसावं तसा.
याच्या पायांत पाणी, पोटात पाणी,
फुफ्फुसात इतकं, की पहिल्या रात्री
तीन उशा लावूनही त्याला टेकता येईना,
आणि जीभ मात्र भर मेमधली वाळू.

आमच्या पेठेत नळ पाचव्या दिवशी येतो.
रात्री दोनला मोटार लावून
ड्रम, घागरी, कुकर, लेकीची अंघोळीची टोपली,
जे पोकळ आहे ते भरते,
आणि आठला इथे येऊन
माणसांतलं पाणी उपसते.
लॅसिक्स, चाळीस, हळू, दोन मिनिटांत.
मग पिशवीकडे डोळे लावायचे,
रिकाम्या नळाखाली बायका बसतात तसं.
तीनशे.
सातशे.
रात्रपाळीला सांगितलं, अठराशे! आणि दोघी हसलो.
असला आनंद घरी सासूला कसा सांगायचा?

पोशव्वा व्हरांड्यात. विडीचं सूप वॉचमननं बाहेर ठेवायला लावलंय,
तरी बोटं हवेत पान वळत राहतात.
तिच्या डब्यात, भाकरीच्या घडीत, शेंगाचटणी.
चिमूटभरच, म्हणाली.
चिमूटभर मिठामागे किती पाणी येतं
हे मी हातवाऱ्यांनी सांगितलं.
ती डबा पुसत राहिली. मग म्हणाली,
चटणीशिवाय तो जेवला तर मला वाटेल, गेला.

पुन्हा पेला.

चार नंबरच्या म्हातारीला, मागल्या उन्हाळ्यात,
मी न मोजता पाणी दिलं होतं.
चमच्या-चमच्यानं, मागेल तेवढं.
डॉक्टरांनी तक्ता बघितला नाही.
मीही भरला नव्हता.

चिलकामामा, मी अजून मोजतेय.
हे तेलुगूत कसं म्हणतात?

अकराव्या दिवशी तो चपला घालून घरी गेला.
साडेसहा किलो हलका, आणि कुरकुरत.
वजनकाटा घरी नाही. शेडमध्ये सुताच्या गाठी तोलायचा आहे,
रोज सकाळी लघवी करून, चहाआधी, त्याच्यावर उभा राहीन म्हणाला.
दोन किलो वाढले की यायचं. वाट बघायची नाही.
पोशव्वाला आकडे लिहिता येत नाहीत.
मग विडीचा दोरा घेतला:
एक पेला, एक गाठ. सहा झाल्या की दोरा तोडायचा.

तीन आठवड्यांनी ओपीडीत
तिनं पदरातून दोऱ्यांचा गुंता काढला.
मी एकेक मांडीवर सोडवून मोजू लागले, मागे रांग ओरडत होती.
सहा. सहा. पाच. सहा.
एकाला सात.

त्या दिवशी लाईट गेली होती, ती म्हणाली.
तो भिंतीकडे बघत होता, जणू वीण तपासतोय.

त्याच्या घोट्यावर अंगठा दाबला. पाच मोजले. उचलला.
किंचित.
सातवी गाठही धरली.