दोन मिनिटांचं पाणी

आमच्याकडचं पाणी साठवता येत नाही.
तळघरातल्या यंत्रात तयार होतं, भिंतीतल्या नळीतून धावत वर येतं
आणि दोन मिनिटांत अर्धं होतं.
म्हणजे पाणी तेवढंच असतं हो,
त्यातला उजेड अर्धा होतो.
चार मिनिटांत पाव.
तेवढ्यात त्यानं दंडाच्या शिरेतून हृदय गाठायचं
आणि कुठे किती झिरपलं ते सांगून विझून जायचं.

तौनो केस्कितालो, वय एकाहत्तर.
तुर्कूतल्या एका सहा मजली इमारतीची
चाळीस वर्षं देखभाल केलेला माणूस.
खिसे रिकामे करा म्हटलं, तर ट्रेमध्ये
एक पितळी किल्ली ठेवली, चौकोनी तोंडाची.
"रेडिएटरची. नोकरी सुटली, ही राहिली."
मग घसा खाकरून, खऱ्या तक्रारीच्या सुरात :
"कालपासून कॉफी नाही. त्यापेक्षा झटका परवडला."

मला हसू आलं नाही.
सकाळी ऐला राउतामा येऊन गेल्या होत्या,
शाळेत सुतारकाम शिकवायच्या.
त्यांच्या हृदयाच्या टोकाशी पाणी पोचलं नाही,
नंतर दिलेली साखरही तिथे कुणी घेतली नाही.
पडद्यावर नुसता काळा घास, कुणी तोडून नेल्यासारखा.
त्यांनी कोट चढवताना विचारलं, "ठीक आहे ना सगळं?"
आणि मी म्हटलं, डॉक्टर सांगतील.
आम्हाला तेवढंच म्हणायची परवानगी आहे.

तौनोच्या कागदांवर आधीच लिहिलेलं होतं :
पुढची भिंत हलत नाही. बहुधा व्रण.
'बहुधा' या शब्दासाठीच तर आम्ही पगार घेतो.

औषध सोडलं. "छातीवर कुणी बसल्यासारखं वाटेल."
"कोण?" त्यानं आतून विचारलं.
माणूस निपचित पडलेला
आणि आत सगळ्या वाहिन्या सताड उघडतात,
ज्यांना उघडता येतं त्या.
डावीकडची एक उघडली नाही.
तिच्या वाट्याची भिंत फिकट, जेमतेम ओली.

मग साखर. मग वाट पाहणं.
बाहेर फेब्रुवारी, औरा नदीवर बर्फ,
कुणीतरी कुत्र्याला घेऊन काठाकाठानं चाललेलं.

आणि मग पडद्यावर
तीच फिकट भिंत पेटली.
शेजारच्या धडधाकट भागापेक्षाही जास्त.
एका चित्रात पाणी नाही, दुसऱ्यात भूक आहे,
तिसऱ्यात ठोक्यागणिक सगळं हलतंय
आणि ती तेवढी स्वस्थ.
मेलेली नव्हती.
मिळेल तेवढ्यात भागवत,
काम टाकून नुसता जीव धरून बसली होती,
किती महिने, कुणास ठाऊक.

डॉक्टर ऑयनोनेन चष्मा कपाळावर सारून
बराच वेळ तीन चित्रं मागेपुढे करत राहिले.
"शस्त्रक्रियावाल्यांना फोन लावतो," म्हणाले,
आणि लगेच, स्वतःलाच बजावल्यासारखं :
"उठेलच असं नाही. पण विचारायला हवं."

मी बाहेर आले. सांगायचं नव्हतं.
तौनो प्रतीक्षाकक्षात खिडकीखाली गुडघ्यावर बसलेला,
रेडिएटरला हात लावून.
"हा थंड आहे. सगळ्यांनी सोडून दिलाय याला.
पत्रा शाबूत आहे बघा. पाणी येत नाहीये, एवढंच."
किल्ली फिरवली. आधी हवा सुसकारली,
मग काळं पाणी थोडं त्याच्या रुमालावर,
मग आत कुठेतरी खालच्या मजल्यावरून
गुळगुळ आवाज चढत आला.

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं.
मी म्हटलं,
"आता कॉफी चालेल."
तो उठला, गुडघे झटकले, म्हणाला,
"दहा मिनिटांनी हात लावून बघा.
लगेच तापत नाहीत हे."