छाट

अक्कलकोट रोडला, ट्रान्स्पोर्ट ऑफिसच्या माडीवर
माझी रात्रपाळी.
यंत्र वाचतं. दिवाळीत वाचतं, गड्ड्याच्या यात्रेत वाचतं,
इकडं लाईट गेली तरी तिकडं कुठंतरी वाचतच असतं
जगानं टाईप करून ठेवलेलं सगळं,
आणि त्यातनं एकेक ओळ खुडून माझ्यापुढं टाकतं :

वांगं ही भाजी आहे.
होटगी हे गाव आहे.
बरोबर, बरोबर.
सोमवार हा नातेवाईक आहे.
चूक.
(दाबल्यावर आठवलं,
सोमवारी कारखान्याला सुट्टी,
सोमवारी अप्पा घरी.)

आई सकाळी सूप मांडीवर घेते.
पान, कात्री, तंबाखू, दोरा. हजार विड्या.
कारखान्यात चेकर मूठभर उचलतो, चिमटीत दाबतो,
दीडशे बाजूला सारतो.
छाट.
का, ते विचारायचं नसतं.
मीही यंत्राला का ते सांगत नाही.
पण माझी छाट ते ध्यानात ठेवतं,
दुसऱ्या रात्री थोडं शहाणं होऊन येतं.
आईच्या छाटीचे म्हणे
कट्टे बांधून विकतात.

परवा म्हणालं :
गिरणीचा भोंगा हे घड्याळ आहे. खात्री एकसष्ट टक्के.
भोंगा मी जन्मायच्या आधीच थांबला.
आई अजून म्हणते, दुसऱ्या भोंग्याला भात टाक.
बरोबर, दाबलं.

काल पहाटे तीनला :
सोलापूर ही पांघरायची वस्तू आहे.
खात्री ब्याण्णव टक्के.

थंडी पडली, सोलापुरी काढली,
असं कितीजणांनी कुठंकुठं लिहिलं असेल.
एप्रिलात इथं ऊन मी म्हणतं,
कोण पांघरेल हे गाव?
पण अप्पांनी शेवटचा माग भंगारात घातला
तेव्हा त्याच्यावरची अर्धी चादर कापून आणलेली,
एका बाजूला किनार नाही, धागे लोंबतात.
ती आईच्या पायांवर असते.
तिच्याखाली आई झोपेत बोटं हलवते, तेलुगूत मोजते,
इरवै नालुगु, इरवै ऐदु,
मग थांबते,
नसलेल्या कट्ट्याला गाठ मारते.
हे कुणी लिहिलेलं नाही.
त्यामुळं ते मला कधी विचारलं जाणार नाही.

दोनच बटणं.
बोट तसंच ठेवून बसले, मग पाणी प्यायला उठले.
परत आले तर ते वाट न बघता पुढं गेलेलं :
शेंगा ही चटणी आहे.
बरोबर, म्हटलं.
एकदम भूक लागली.