साडेनऊ आटे

हुतात्मा स्मृती मंदिरात पासवर गेलो.
पास साहेबांचा. साहेबांना पित्त झालेलं.

स्पेनची बाई, पन्नाशीची. झगा मातकट,
उजनी आटल्यावर उघडा पडतो त्या गाळाचा.
टाचा मारायला लागली फळ्यांवर
तसा शेजारी नरसय्या चिप्पा कुजबुजला,
"हा तर आमचा माग रे. धोटा अडकला की असाच वाजतो."
मी गप्प.
मला ऐकू येत होती नळातली हवा,
पाणी यायच्या आधी खोकते ती,
पाचव्या दिवशी, पहाटे तीनला,
बाया हंडे सरळ करतात तेव्हा.

मी चावीवाला. बावीस वर्षं.
कुठल्या बोळाला किती आटे, तोंडपाठ:
विडीवाल्या बायांच्या चाळीला सात,
अध्यक्षांच्या कोपऱ्याला साडेनऊ.
हुकूम तोंडी. कागद नाही.

ती बारा मोजत होती.
अकरा मारायची, बाराव्याला टाच नुसती वर धरायची,
आणि गाणाऱ्या म्हाताऱ्याचा गळा
कोरड्या आडात पोहरा आपटावा तसा.
त्या गप्पपणात पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी
बाटलीचं बूच फिरवलं.
कट्ट.
अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं.
तिनं तिकडं पाहिलं. मी माझ्या हातांकडं.

रात्री पावणेतीनला चाळीपाशी खड्ड्यात उतरलो,
चावी बसवली.
सातवर हात आपसूक थांबला.
वर कुणाची तरी घागर दगडावर टेकली.
आठ.
नऊ.

पुढचं सांगत नाही.
नोकरीची अजून चार वर्षं आहेत.