बॅलार्ड इस्टेट, चौथा मजला

"किती बुडालं तर चालेल?" मी विचारलं.
दस्तूर सर चष्मा पुसत राहिले.
कोठारे मसुदा न उघडताच म्हणाले,
"तू लिही गं, आम्ही सह्या करतो."

जोखमीची भूक या शब्दावर
चेअरमन हसले, "वयानुसार कमी झालीय."

मी कागद मिटला.
एकेकाला विचारलं,
रात्री तीनला कुठला आकडा उठवतो?

खिडकीतून गोदीतली क्रेन दिसत होती,
काहीतरी उचलून थांबलेली.

"भिवंडीचं ते गोदाम," कोठारे म्हणाले,
इतक्या हळू, की इतिवृत्त लिहिणाऱ्या पाटकरनं
पेन वरच धरलं.
"मीच हो म्हटलं होतं."

चहावर साय धरली.
दस्तूर सरांनी मसुदा ओढला,
माझ्या 'मध्यम'वर काट मारली,
शेजारी पेन्सिलीनं आकडा लिहिला,
खोडला,
पुन्हा लिहिला.