लेप

अवधान एमआयडीसीत, दोन नंबरच्या भट्टीमागे
एक शेड आहे, तिला भिंती तीनच.
तिथे लाकडी घोड्यांवर आडवा निजवलेला असतो
ग्रॅफाइटचा काळा खांब,
माझ्याहून लांब, कवेत जेमतेम मावणारा,
आणि माझ्या हातात चार इंची ब्रश.

कॅन्टीनमध्ये मला रंगारी म्हणतात.
म्हणू देत.

बादलीत राखाडी घोळ: अ‍ॅल्युमिना, सिलिका, थोडं बोरॉन.
बाकी काय, ते पोत्यावर लिहिलेलं नाही
आणि पुरवठादार सांगत नाही.
ढवळत राहावं लागतं.
थांबलं की जड ते तळाला बसतं,
वर उरतं गढूळ पाणी, आणि पाण्याने काही वाचत नाही.

हे काम मला सुपडू बोरसेंनी शिकवलं.
पहिल्या दिवशी मी जोशात बोटभर थापलं.
ते तंबाखू मळत बघत राहिले.
दुसऱ्या पाळीला खांब वर आला
तेव्हा माझा लेप पापुद्र्यांनी लोंबत होता,
उन्हात सोलवटलेल्या पाठीसारखा.
"जाडं लावू नको, भो. फुटी जाई."
चुलीवर चढवण्याआधी पातेल्याच्या बुडाला
बाया मातीचा लेवा देतात ना,
तेवढाच. सुकू द्यायचा. मग परत तेवढाच.

टोकाला वीज खाते, ते म्हणायचे, तिचा तो मान आहे.
पण बाजूंनी खाते ती हवा.
हीच. आत्ता तू ओढलीस ती.
तापून लाल झालेल्या अंगाला ती गुपचूप चाटते
आणि खांब निमुळता होत जातो
पेन्सिलीसारखा,
एक अक्षर न लिहिता.

लेपाचं उलटं आहे.
आच लागली की तो पाझरतो, काच होतो,
आणि मग घट्ट धरतो.
छताचं झाकण सरकतं, खांब वर येतात तिन्ही,
अंगावर लोणच्याच्या बरणीची झाक.
मला अजून दर वेळी बघावंसं वाटतं.

तीन जागा कोऱ्या सोडायच्या.
टोक, कारण ते जाणारच.
चिमटा धरतो तो पट्टा, कारण तिथून वीज आत शिरते.
आणि आटे.
आट्यांवर थेंब उडाला तर सुपडूभाऊ
खिशातला रुमाल काढायचे, स्वतःचा,
खाचेखाचेतून फिरवायचे, नखाने.
का, ते एकदाही सांगितलं नाही.

मे महिना. रात्रपाळी. पत्रे रात्री दोनलाही तापलेले.
मी थेंब पाहिला होता.
पाहिला होता, आणि म्हटलं, एवढ्याने काय होतंय.
क्रेन आली, खांबावर खांब पिळून बसवला,
चौथ्या हीटला सांधा पांढरा पडला
आणि खालचा अर्धा तुटून
उकळत्या पोलादात गेला, आवाजही फारसा नाही.
तीन तास भट्टी बंद.
रजिस्टरात 'कारण' या रकान्यात
सुपडूभाऊंनी लिहिलं: सांधा साफ करणे राहिले.
खाली सही त्यांची.
त्या महिन्यात त्यांचा इन्सेन्टिव्ह कापला गेला,
पुढच्या महिन्यात ते निवृत्त झाले,
मी हाराला वर्गणी दिली शंभर रुपये.

न्याहळोदला त्यांच्याकडे जायला मला दोन वर्षं लागली.
ओट्यावर बसले होते, खोकत.
दाराच्या चौकटीवर काळ्या रेघा, एकीवर एक,
नातीची उंची मोजलेली;
कोनाड्यात ग्रॅफाइटचा तुकडा, भट्टीतूनच आणलेला.
मी पगार, नवा साहेब, पोत्यांचे वाढलेले भाव
असं काहीबाही बोलत होतो,
बोलण्याचे पातळ पातळ हात देत होतो,
एक सुकायच्या आत दुसरा.

"आटे पुसतोस?"
मधेच विचारलं त्यांनी, बघत भलतीकडेच.

खिशात हात गेला माझा.
रुमाल होता.
राखाडी, कडक, धुऊनही न निघालेला.