नाव, व्यवसाय

महिन्याच्या पहिल्या बुधवारी, सकाळी सातला,
मेरिनो हॉटेलच्या मागल्या हॉलमध्ये
मी टेबलावर नावपट्ट्या मांडते.
प्लास्टिकची पाकिटं जुनीच, आतला कागद तेवढा नवा.
हेंड्रिक फान टोंडर : टायर.
नोलुथांडो म्बेकेनी : लॉन्ड्री.
कोगिला गोवेंडर : चष्मे.
लेबोहांग त्सोआएली : अंत्यविधी व शीतगृह.
मला पट्टी लागत नाही. चेंबरची सेक्रेटरी
सगळ्यांना ठाऊक असते, दाराच्या कडीसारखी.

गावाचं नाव ड्रुअफाँटेन. म्हणजे कोरडा झरा.
ज्यानं ठेवलं, त्या वेळी नगरपालिका नव्हती.

पहिली पाच मिनिटं अनोळखी माणसाशी बोलायचं,
हा नियम केपटाऊनच्या कुणा तज्ज्ञानं घालून दिलेला.
इथं अनोळखी कोण?
हेंड्रिकच्या पहिल्या बायकोचा चष्मा कोगिलाकडे होतो,
दुसरीच्या आईला लेबोहांगनं पोचवलं.
तरी हात मिळवतात, कार्डं देतात,
आणि खिशातून कार्डामागोमाग पाण्याचं बिल निघतं.

नोलुथांडो म्हणते, अकरा दिवस नळाला थेंब नाही,
मीटर मात्र फिरतंय. पाइपातली हवा मोजतंय.
आता काय वाऱ्याचेही पैसे भरायचे?
तिच्याकडे या हॉटेलच्या चाळीस चादरी
मळक्या पडून आहेत, आणि मालक
तिच्याच शेजारी बसून टोस्टला लोणी लावतो आहे.

लेबोहांग बोलत नाही. दिवे जातात तेव्हा
त्याचा जनरेटर किती डिझेल पितो,
आणि कुणासाठी,
हे न्याहारीच्या वेळी सांगायचं नसतं.

खड्ड्यांचा विषय निघाला की सगळे हेंड्रिककडे बघतात.
चर्च स्ट्रीटच्या एका खड्ड्यानं मार्चमध्ये
त्याचे चौदा टायर विकले.
तो कॉफी ढवळत राहतो, साखर न घालता.
मग म्हणतो, दोनदा रात्री मीच बुजवला तो.
हशा पिकतो.
मी हसत नाही. सिमेंटची पावती
त्यानं माझ्याकडेच दिली होती, आणि मग परत मागून घेतली.

आजच्या पाहुण्या नगरपालिकेच्या मुख्य अभियंता.
त्यांची पट्टी टेबलावर तशीच.
साडेसातला त्यांचा ड्रायव्हर येतो, बुटांना चिखल:
मॅडम रात्रीपासून पंपहाउसवर आहेत.
व्हॉल्व कुठे पुरलेत त्याचा नकाशा
जुन्या इमारतीच्या आगीत जळाला.
कधी?
सहा वर्षं झाली.
आडातच नव्हतं; आम्ही पोहऱ्याला शिव्या देत होतो.
सगळे राग घेऊन आलेले, इस्त्री करून,
आता तो ठेवायचा कुठे?

तेव्हा बशा उचलणारा म्हातारा थांबतो.
झोलिले न्काबा. आमच्या न्याहारीचे फेटकूक
तोच तळतो, बाजारामागच्या पत्र्याच्या टपरीत.
सभासद नाही. वर्गणी नऊशे रँड.
म्हणतो, एक व्हॉल्व शाळेच्या कुंपणाखाली,
मेंढ्यांच्या दवाखान्यापासून बावीस पावलं.
एक या हॉटेलच्या पार्किंगखाली. डांबर घालत होतात
तेव्हा सांगायला आलो होतो.
रिसेप्शनवरून परत पाठवलंत.
एकतीस वर्षं मीच उघडायचो, मीच बंद करायचो.

निवृत्तीच्या दिवशी कुणी विचारलं नाही?
विचारलं ना, तो म्हणतो. चाव्या परत केल्यास का, म्हणून.

मी कोरा कागद घेते, नाव लिहिते.
व्यवसायापाशी पेन अडतं.
तोवर तो ॲप्रनसकट ड्रायव्हरच्या मागे निघालेला,
हेंड्रिक पहार आणायला धावलेला.
पट्टी मी त्याच्या खिशात अर्धवटच सरकवते.

गुरुवारी तीनच्या सुमारास पाणी आलं.
गढूळ, आणि फक्त स्टेशनच्या अलीकडे.
लॉन्ड्रीवरून जाताना
आतून रिकामी बादली भरण्याचा आवाज ऐकला,
जरा वेळ तिथेच उभी राहिले.

इतिवृत्तात नोंद आहे:
फेटकूक गार होते, अशी एका सभासदाची तक्रार.
पट्ट्या मोजून डब्यात ठेवल्या. एक कमी.
मी मागितली नाही.